संकरित गाईचे दूध वाढवायचे तर आधी काय : पूरके की वैरण?

प्रवराकाठ :
नमस्कार. आमचा गोठा प्रवरा नदीकाठच्या ऊसपट्ट्यात आहे आणि दावणीला होल्स्टीन संकरित गाई आहेत. बहुतेक गाई दुसऱ्या-तिसऱ्या वेतातल्या आहेत. व्यायल्यानंतर महिन्याभरात दूध दिवसाला १६ लिटरपर्यंत चढते, परंतु ते तिथे टिकत नाही. दोन महिने पूर्ण होण्याआधीच ते १२ लिटरवर येऊन थांबते. फॅट ३.३ च्या आसपास आणि एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन घटक) ८.१ टक्के लागते. डेअरीचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असल्यामुळे प्रत्येक लिटरमागे कपात होते ती वेगळीच. शिवाय गाई वेळेवर माजावर येत नाहीत.

सध्या एका गाईला दिवसाला उसाचे वाढे (तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे) अंदाजे १५ किलो, हत्ती गवत १० किलो, कडबा १ किलो, गोळी पेंड ४ किलो आणि सरकी पेंड १ किलो असा खुराक आहे. त्याबरोबर द्रवरूप कॅल्शियम, बायपास फॅट, यीस्टची पावडर आणि यकृताचे टॉनिक चालू आहे, आणि या चार वस्तूंचा महिन्याचा खर्च आता खटकू लागला आहे. यांतले काय ठेवावे, काय बंद करावे आणि आणखी काही द्यायला हवे का, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

आहारशास्त्र :
आपण खुराकाचे आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण त्यामुळे अंदाजाऐवजी हिशेबाने बोलता येईल. कोणत्याही चाऱ्यातले पाणी वजा केल्यावर जे उरते त्याला शुष्क पदार्थ म्हणतात, आणि गाईचे पोषण त्यावरच मोजावे लागते. दुभत्या संकरित गाईला तिच्या वजनाच्या ३ ते ३.५ टक्के शुष्क पदार्थ रोज पोटात जायला हवा. गाय ४५० किलोची धरली तर तो साधारण १४ किलो होतो.

आता आपल्या दावणीचा हिशेब पाहू. वाढ्यांत शुष्क पदार्थ सुमारे २८ टक्के, म्हणजे १५ किलोंत ४.२ किलो. जून झालेल्या हत्ती गवताच्या १० किलोंत २ किलो. कडब्यात ०.९ किलो आणि पाच किलो पेंडीत ४.५ किलो. एकूण ११.६ किलो, म्हणजे गाय रोज जवळजवळ अडीच किलोंनी उपाशी राहते. गव्हाण भरलेली दिसते म्हणून ते लक्षात येत नाही.

प्रथिनांकडे पाहिले तर वाढ्यांत ती शुष्क पदार्थाच्या जेमतेम ५ ते ६ टक्के असतात, जून गवतात ७ टक्के, कडब्यात ३ ते ४ टक्के. गोळी पेंडीत २० टक्के आणि सरकी पेंडीत सुमारे २२ टक्के धरून सगळ्यांची बेरीज १.४२ किलो होते. ४५० किलोच्या गाईला स्वतःच्या शरीरासाठी सुमारे ४०० ग्रॅम प्रथिने लागतात आणि पुढे प्रत्येक लिटर दुधामागे ८५ ते ९० ग्रॅम. म्हणजे उरलेल्या १.०२ किलो प्रथिनांत साडेअकरा लिटर दूध बसते. ऊर्जेचा हिशेबही तेवढ्यावरच येतो. आपल्या खुराकातील एकूण पचनीय घटक, म्हणजे ऊर्जेचे माप, सुमारे ६.९ किलो भरतात. त्यांतले ३.४ किलो शरीराला लागतात आणि प्रत्येक लिटरला ३०० ग्रॅम धरले तर पुन्हा साडेअकरा लिटरच निघतात.

हे तक्त्यांतील सरासरी आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडे पुढेमागे होईल. परंतु त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते : आपल्या गाई १२ लिटर देतात, कारण त्यांना १२ लिटरचेच खायला मिळते. पहिल्या महिन्यात जे जास्तीचे चार लिटर निघाले ते गाईने स्वतःच्या अंगावरची चरबी झिजवून दिले. ती संपत आली तसे दूध उतरले, आणि अंग तुटलेली गाय माजावर येत नाही ही त्याचीच पुढची पायरी आहे. या परिस्थितीत चार पूरकांऐवजी आठ दिली तरी अडीच किलो शुष्क पदार्थाची तूट त्यांनी भरून निघणार नाही.

पंचगंगा :
आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूर भागात, गळीत हंगाम सुरू झाला की वाढे जवळजवळ फुकट मिळतात. त्यामुळे नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक गोठे त्यावरच चालतात. वाढे वाईट नाहीत, परंतु ते मुख्य वैरण म्हणून चालत नाहीत. त्यांत प्रथिने कमी असतातच, शिवाय ऑक्झलेट असते आणि ते चाऱ्यातील कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून वाढ्यांची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो. प्रवराकाठ दादा, तुम्ही वाढे अख्खे टाकत असाल तर शेंड्याकडचा कोवळा भाग खाऊन गाई खालचे बुडखे सोडतात. म्हणजे १५ किलो टाकले तरी पोटात १० किलोच जातात, आणि वरच्या हिशेबातली तूट आणखी वाढते.

माझा अनुभव असा की लसूणघासाची काही सरी ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक दुभत्या गोठ्याजवळ असायलाच हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला लसूणघास पुढे महिन्याच्या अंतराने कापायला येतो. त्याच्या शुष्क पदार्थात १८ ते २० टक्के प्रथिने असतात आणि कॅल्शियमही भरपूर असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण आमच्याकडे अनेक शेतकरी लावतात. मात्र लसूणघास एकटा आणि पोटभर कधीही देऊ नये, पोट फुगते. तो नेहमी कडब्याच्या किंवा इतर कुट्टीत मिसळूनच द्यावा.

हत्ती गवताबद्दलही थोडे सांगते. फुले जयवंत असो की दुसरा कोणता वाण असो, पहिली कापणी झाल्यानंतर दर ४५ ते ५० दिवसांनी ते कापले पाहिजे. पुरुषभर उंच झालेले गवत वजनाला भरते, म्हणून ते वाढू देण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु तोपर्यंत त्याचे खोड काष्ठमय झालेले असते आणि प्रथिने घटलेली असतात. एकाच वेळी सगळे गवत न कापता वाफ्यांची पाळी लावली की दावणीला नेहमी योग्य वयाचे गवत येते.

प्रवराकाठ :
आपला हिशेब मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. वाढे आम्ही अख्खेच टाकतो आणि बुडखे उरतात, हे ताईंनी न पाहता ओळखले. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गाईचे वजन ४५० किलो आहे की कमी-जास्त, हे काट्याशिवाय कसे ठरवायचे? आणि पूरके एकदम बंद केली तर दूध आणखी उतरणार नाही ना? विशेषतः कॅल्शियम आणि बायपास फॅट यांच्याबाबत भीती वाटते.

आहारशास्त्र :
वजनासाठी साधी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजावा, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे इंचांत घ्यावीत. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोग्रॅममध्ये वजन मिळते. घेर ७१ इंच आणि लांबी ५९ इंच असलेली गाय साधारण ४५० किलोची असते.

आता पूरकांविषयी. त्यांना माझा विरोध नाही, परंतु प्रत्येकाचे काम ठरलेले असते आणि ते काम दावणीत शिल्लक असेल तरच त्या पैशांचा उपयोग होतो.

कॅल्शियमपासून सुरुवात करू. एक लिटर दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम जाते, म्हणजे १२ लिटरमागे १४ ते १५ ग्रॅम. ज्या खनिज मिश्रणात कॅल्शियम किमान २० टक्के आणि फॉस्फरस किमान १२ टक्के आहे, त्याच्या १०० ग्रॅममधून २० ग्रॅम कॅल्शियम मिळते. त्यासोबत फॉस्फरस, जस्त, तांबे, मँगनीज, आयोडीन आणि कोबाल्टही मिळतात. द्रवरूप कॅल्शियमच्या बाटलीत ही सूक्ष्म खनिजे नसतात किंवा नाममात्र असतात, आणि माज येण्याशी, खुरांशी व कासेच्या आरोग्याशी नेमका जस्त-तांब्याचा संबंध आहे. चाऱ्यातील कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे लागते. नुसते कॅल्शियम वाढवत गेल्यास ते प्रमाण बिघडते. म्हणून रोजच्या खुराकातून द्रव कॅल्शियम काढावे, त्याच्या जागी दररोज १०० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण आणि ३० ते ४० ग्रॅम मीठ द्यावे. आपल्या खुराकात खनिज मिश्रण नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. द्रव कॅल्शियमची खरी गरज व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत असते, कारण दुधाचा ताप, म्हणजे रक्तातले कॅल्शियम घटून गाय आडवी पडणे, बहुधा व्यायल्यापासून ७२ तासांच्या आत येतो.

बायपास फॅटचे तसे नाही. ते उपयोगी आहे, परंतु योग्य गाईला आणि योग्य काळात. व्यायल्यावर दूध ६ ते ८ आठवड्यांत शिखराला पोहोचते, पण गाईची खाण्याची क्षमता मात्र १० ते १२ आठवड्यांनी पूर्ण होते. मधल्या काळात ऊर्जेची जी तूट पडते ती कमी आकारमानात भरून काढण्यासाठी हे पूरक आहे. साधी चरबी किंवा तेल जास्त दिले तर कोठीपोटातील, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, जिवाणू मरतात आणि तंतूंचे पचन मंदावते. बायपास फॅट, म्हणजे बहुधा पाम तेलातील स्निग्धाम्लांचे कॅल्शियम क्षार, कोठीपोटात न विरघळता पुढे जाते आणि खऱ्या जठरातील आम्लात सुटे होते. दिवसाला १०० ते २०० ग्रॅम, पहिले ९० दिवस, आणि १५ लिटरच्या वर दूध असलेल्या गाईला, एवढी मर्यादा पाळली तर ते परवडते. पाच महिन्यांच्या गाभण आणि ८ लिटर दूध असलेल्या गाईला ते देणे म्हणजे निव्वळ खर्च. शिवाय त्याने फॅट किंचित वाढते, परंतु एसएनएफ वाढत नाही. एसएनएफ प्रामुख्याने दुधातील प्रथिनांवर हलते आणि दुधातील प्रथिने खुराकातील पिष्टमय ऊर्जेवर. आपले ८.१ हे आकडे मका आणि चांगल्या मुरघासाची (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची) कमतरता सांगत आहेत.

यीस्ट उन्हाळ्यात आणि जास्त पेंड असलेल्या खुराकात कोठीपोटाची आम्लता सावरायला मदत करते, त्यामुळे ते हंगामी ठेवायला हरकत नाही. यकृताचे टॉनिक पशुवैद्यकाने एखाद्या आजारी गाईला सांगितले असेल तरच द्यावे, सरसकट गोठ्याला देण्याचे कारण मला दिसत नाही.

मुक्तसंचार :
वरची चर्चा खाण्यापुरती राहिली आहे, म्हणून पाण्याविषयी लिहितो. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि एका लिटर दुधामागे गाईला ४ ते ५ लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. दावणीला बांधून दिवसातून दोनदा पाणी दाखवणाऱ्या गोठ्यात गाय गरजेइतके पाणी पीत नाही, आणि पाणी कमी पडले की ती वैरणही कमी खाते. प्रवराकाठ यांच्या अडीच किलोंच्या तुटीत याचाही वाटा असण्याची शक्यता मला मोठी वाटते. गाई मोकळ्या सोडून पाण्याचा हौद दिवसरात्र भरलेला ठेवणे हा मुक्त संचार गोठ्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. तेवढा बदल लगेच शक्य नसेल तर निदान दावणीजवळ पाणी सतत राहील अशी सोय करावी.

दुसरा मुद्दा देण्याच्या क्रमाचा. सकाळी रिकाम्या पोटी अडीच किलो पेंड एकदम दिली की कोठीपोटात आम्ल झपाट्याने वाढते. त्याचा सामू (आम्लता मोजणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ६ च्या वर राहिला तरच तंतू पचवणारे जिवाणू नीट काम करतात. तो वारंवार खाली गेल्यास फॅट उतरते, शेण पातळ होते आणि पुढे पायांचे दुखणे सुरू होते. आधी कुट्टी आणि मग पेंड, किंवा सर्व एकत्र मिसळून, आणि पेंड दिवसातून तीन-चार वेळा विभागून, असे केल्यास हा त्रास टळतो. ज्यांच्याकडे पेंड ६ किलोंच्या वर जाते त्यांनी खाण्याचा सोडा दिवसाला ५० ते १०० ग्रॅम मिसळावा. कुट्टी मात्र अगदी बारीक करू नये. इंचभर राहिली तर गाय रवंथ करते, आणि रवंथ करताना येणारी लाळ आम्ल मोडण्याचे काम सोड्याहून चांगले करते. दुपारी गाई निवांत बसलेल्या असताना निम्म्याहून अधिक गाई रवंथ करताना दिसल्या पाहिजेत.

वाडी_कुडाळ :
इथे चर्चा ऊसपट्ट्याची चालू आहे, परंतु आम्हां कोकणातल्या लोकांची अडचण निराळी आहे. आमच्याकडे भाताचा पेंढा मुबलक आहे आणि पावसाळ्यात गवतही आहे, परंतु लसूणघास आमच्या पावसात व आम्लधर्मी मातीत नीट येत नाही. अनेकांनी अझोला (पाण्यावर वाढणारे नेचावर्गीय शेवाळासारखे रोप) करण्याचा सल्ला दिला. त्याने पेंडीचा खर्च निम्मा होतो असे सांगितले जाते. ते कितपत खरे मानावे?

आहारशास्त्र :
अझोल्याच्या शुष्क पदार्थात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे आहे, परंतु ताज्या अझोल्यात ९३ ते ९५ टक्के पाणीच असते, हे सांगायचे राहून जाते. दोन किलो ताजा अझोला म्हणजे १०० ते १४० ग्रॅम शुष्क पदार्थ, आणि त्यात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने. एवढी प्रथिने ६० ते ७० ग्रॅम सोयाबीन पेंडीतून मिळतात आणि ती एक लिटर दुधाच्या गरजेचा तिसरा हिस्सा भरतात. कोंबड्यांसाठी किंवा एखाद्या वासरासाठी हौशीने करावा, त्यावर दुभत्या गाईची पेंड निम्मी करू नये.

तुमच्याकडे खरा उपाय पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया हा आहे. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर सारखा शिंपडावा, दाबून प्लास्टिकखाली हवाबंद करावा आणि २१ दिवसांनी उघडावा. त्या काळात युरियापासून अमोनिया तयार होतो, तो पेंढ्याचे कठीण तंतू सैल करतो आणि प्रथिनांचे मूल्य ३ टक्क्यांवरून ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. उघडल्यावर लागेल तेवढा पेंढा काढून तासभर पसरून ठेवावा, म्हणजे अमोनियाचा उग्र वास उडून जातो. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये, आणि युरिया पाण्यात विरघळवून किंवा पेंडीत मिसळून थेट देण्याचा प्रयोग तर कधीही करू नये. त्याने जनावर दगावते. सोबत शेवग्याचा चारा आणि चवळी यांचा विचार करावा, निचऱ्याच्या जमिनीत दोन्ही तुमच्याकडे येतात.

पंचगंगा :
एक गोष्ट अजून कोणी काढली नाही, ती म्हणजे भाकड काळ. दूध वाढवण्याचे काम गाय व्यायल्यावर सुरू करायचे असते असा सर्रास समज आहे आणि त्यामुळे भाकड गाईला सर्वांत निकृष्ट वैरण मिळते. व्यायण्यापूर्वी ६० दिवस दूध पूर्ण आटवावे. शेवटच्या तीन आठवड्यांत पेंड हळूहळू वाढवत २ ते ३ किलोंवर न्यावी, म्हणजे कोठीपोटातील जिवाणूंना पुढच्या खुराकाची सवय होते. व्यायल्यावर एकदम पेंड वाढवली की गाय खाणे सोडते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शिखराच्या वेळचे दूध एका लिटरने वाढले तर संपूर्ण वेतात साधारण २०० लिटर वाढते, असे धरले जाते. म्हणून या तीन आठवड्यांची पेंड महाग पडत नाही.

मात्र या काळात लसूणघास आणि कॅल्शियम जास्त देऊ नये. आहारात कॅल्शियम मर्यादित असले की गाईचे शरीर हाडांतून कॅल्शियम काढण्याची तयारी आधीच करून ठेवते. भरपूर दिल्यास ती यंत्रणा सुस्त राहते आणि व्यायल्यावर चिकामुळे मागणी अचानक वाढली की गाय आडवी पडते. गाभण गाईला बाटलीने कॅल्शियम पाजणारे बरेच जण भेटतात, आणि ते सर्व प्रेमापोटीच पाजत असतात. त्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रवराकाठ :
टेपने मोजले, गाई ४३० ते ४७० किलोंच्या दरम्यान आहेत. खनिज मिश्रण आणले आहे, वाढ्यांची कुट्टी सुरू केली आहे आणि पाण्यासाठी दावणीलगत हौदाचे काम काढले आहे. शेजारी मक्याचा मुरघास बॅगेत विकत मिळतो. तो घेतला तर एका गाईचा दिवसाचा खुराक कसा बसवावा?

आहारशास्त्र :
मक्याचा मुरघास १५ किलो, लसूणघास ६ किलो, योग्य वयाचे हत्ती गवत ८ किलो, कडब्याची कुट्टी २ किलो, गोळी पेंड साडेचार किलो, मका भरडा अर्धा किलो आणि सोयाबीन पेंड अर्धा किलो. यातून शुष्क पदार्थ सुमारे १४.२ किलो, प्रथिने १.९७ किलो आणि पचनीय घटक ९.२ किलो मिळतात. प्रथिनांच्या हिशेबाने हा खुराक १७ लिटरला पुरतो आणि ऊर्जा त्याहून थोडी जास्त असल्याने अंग भरायलाही वाव राहतो. पेंड आपण आताही पाच किलो देता, नव्या खुराकात फक्त अर्धा किलो वाढली आहे. मुख्य बदल वैरणीत आहे. लसूणघास तयार होईपर्यंत त्याच्या जागी सोयाबीन पेंड आणखी अर्धा किलो धरावी. आपल्या गोठ्यातील नेमक्या वैरणीचा हिशेब करायचा असल्यास राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचे 'पशु पोषण' हे ॲप त्यासाठीच आहे.

मुरघास घेताना बॅग उघडून पाहावी. रंग हिरवट-पिवळा, वास आंबूस-गोड आणि दाणे भरलेले असावेत. मका दाण्यात निम्मा चीक असताना कापलेला असेल तर शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्के असतो. मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल तर तो कोवळा कापलेला आहे. कोठेही बुरशी दिसली तर तो भाग काढून टाकावा आणि बुरशी बरीच असल्यास बॅग परत करावी. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते, आणि दुधात त्याची मर्यादा किलोमागे फक्त ०.५ मायक्रोग्रॅम आहे. उघडलेली बॅग उन्हाळ्यात लवकर गरम होते, म्हणून रोज पूर्ण थर काढावा.

नवा खुराक १० ते १५ दिवसांत टप्प्याटप्प्याने आणावा, एका दिवसात बदलू नये. पहिला फरक शेणात दिसेल : ते घट्टसर होईल आणि त्यात अख्खे दाणे दिसणार नाहीत. त्यानंतर दुधाचे प्रमाण व एसएनएफ हलू लागेल. माजाला मात्र वेळ लागतो, कारण गाईचे अंग आधी भरून यावे लागते. दोन महिने झालेल्या गाई १६ लिटरवर परत जातीलच असे नाही, परंतु आता भाकड असलेल्या गाईंना ताईंनी सांगितलेल्या पद्धतीने तयार केले तर पुढच्या वेतात शिखर टिकेल. दर आठवड्याला एका ठरावीक दिवशी प्रत्येक गाईचे दूध, फॅट, एसएनएफ आणि दिलेल्या वैरणीचे वजन वहीत लिहून ठेवावे, आणि महिन्याभराने ते आकडे इथे टाकावेत. पेंड कुठे कमी करता येईल ते त्यावरून ठरवू.